जखमेचा टक्का

जखम मोजता येते का? कवीला विचारलं तर तो नाही म्हणेल. सरकारी कारकुनाला विचारलं तर तो म्हणेल, येते की! वीस टक्के, चाळीस टक्के, शंभर टक्के. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. पण ज्याच्या अंगावर ती जखम आहे त्याचं घर कवीच्या उत्तरावर चालत नाही, कारकुनाच्या उत्तरावर चालतं. म्हणून आज आपण त्या टक्क्याविषयी बोलू. फौजेत जायबंदी झालेल्या सैनिकाच्या पेन्शनमधला टक्का कसा ठरतो, तो कमी पडला तर वाढवून कसा मागायचा, आणि मागताना मान खाली का घालायची नाही, हा आजचा विषय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, इथे मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली आणि त्याची कंपनी सरकारची फौज. कंपनीच्या बाजूचे ४२८ लोक ठार झाले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता राहिले. सव्वादोनशे वर्षांनंतरही हे आकडे आपल्याला एकेका माणसाच्या हिशेबाने सांगता येतात, कारण कुणीतरी ते कागदावर लिहून ठेवले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचे किती घायाळ झाले? त्याचा फक्त अंदाज करावा लागतो. त्यांच्या जखमा काही कमी खोल नव्हत्या. पण त्यांचा कागद झाला नाही, आणि ज्याचा कागद नाही त्याची जखम इतिहासातूनही पुसली जाते. आजच्या विषयाचं अर्धं सार या एका गोष्टीत आहे.

आता त्याहून जुनी गोष्ट. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचं पारिपत्य झालं. त्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी काय केलं ते सभासदाच्या बखरीत नोंदलेलं आहे. जे कामी आले त्यांच्या मुलाबाळांची सोय लावली. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं. आणि जे जखमी झाले त्यांना पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या, प्रत्येकाची जखम पाहून. या 'जखम पाहून'कडे लक्ष द्या. सगळ्यांना सरसकट सारखी रक्कम नाही, आणि कुणाच्या ओळखीवर नाही. जखम जेवढी मोठी तेवढं देणं मोठं. आजचे मेडिकल बोर्ड, टक्केवारी आणि पेन्शनचे तक्ते यांच्या मुळाशी हाच विचार आहे. म्हणजे जखमेचं मोजमाप ही काही साहेबाने आणलेली गोष्ट नव्हे.

आता आजच्या काळात येऊ. जायबंदी किंवा आजारी जवान फौज सोडतो तेव्हा त्याच्यापुढे डॉक्टरांचं मंडळ बसतं. फौजी भाषेत मेडिकल बोर्ड. हे बोर्ड मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरं लिहितं. पहिला प्रश्न, हे दुखणं नोकरीमुळे झालं का, किंवा आधीचं दुखणं नोकरीमुळे बळावलं का? दुसरा, अपंगत्व किती टक्के? तिसरा, ते कायमचं आहे की काही काळापुरतं? याशिवाय चौथी एक गोष्ट कागदोपत्री ठरते. ती म्हणजे जखम कोणत्या वर्गात बसते. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी आदेशात 'ए' पासून 'ई' पर्यंत पाच वर्ग केलेले आहेत. नोकरीशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणं 'ए' मध्ये, नोकरीमुळे जडलेले आजार 'बी' मध्ये, कामावर असताना झालेले अपघात 'सी' मध्ये. अतिरेकी किंवा समाजकंटकांच्या हिंसाचारातल्या इजा 'डी' मध्ये येतात. आणि युद्ध, सीमेवरच्या चकमकी, शत्रूची कारवाई, सीमाभागातले सुरुंग हे 'ई' मध्ये.

टक्का ठरवताना डॉक्टर वेदना मोजत नाहीत. त्या वयाच्या धडधाकट माणसाशी तुलना करून शरीराची काम करण्याची ताकद किती घटली ते पाहतात. ही रीत फौजेपुरती नाही. आपल्या जालन्यात लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला असंच परिशिष्ट जोडलेलं होतं. त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेला तर ४० टक्के, असं अवयववार लिहिलेलं होतं. वाचताना अंगावर काटा येतो. पण तो तक्ता नसता तर प्रत्येक कामगाराला मालकाच्या दयेवर राहावं लागलं असतं. तक्ता निष्ठुर दिसतो, तरी दुबळ्या माणसाची बाजू तोच राखतो.

एक गोष्ट अनेकांना कळत नाही. एका माणसाला दोन अपंगत्वं असली तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. पायाचे ४० आणि कानाचे ३० म्हणजे ७० झालेच पाहिजेत, असं नाही. दोन्हींचा मिळून कामावर काय परिणाम होतो ते पाहून बोर्ड एकत्रित आकडा ठरवतं, आणि तो बेरजेपेक्षा कमी भरू शकतो. कमी भरला म्हणजे फसवणूक झाली, असा समज करून घेऊ नये.

आता पैशाचा हिशेब. समजा, जवानाचा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता. साध्या अपंगत्व पेन्शनमध्ये, शंभर टक्के अपंगत्व असेल तर पगाराच्या ३० टक्के म्हणजे १२,००० रुपये 'अपंगत्वाचा भाग' म्हणून मिळतात. टक्का कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. हीच जखम युद्धजखम म्हणून 'ई' वर्गात गेली, आणि जवान पुढे नोकरीत राहून निवृत्त झाला, तर दर ६० टक्के होतो, म्हणजे २४,००० रुपये. आणि युद्धजखमेमुळे फौजेने त्याला घरीच पाठवलं असेल तर शंभर टक्क्यांना पूर्ण पगाराएवढी रक्कम. महागाईची वाढ आणि सेवेचं पेन्शन यांचा हिशेब वेगळा. म्हणजे पाहा, पाय तोच, टक्का तोच, पण कागदावर 'सी' लिहिलं की 'ई', यावर रक्कम दुप्पट किंवा तिप्पट बदलते. लोक टक्क्यासाठी भांडतात. पुष्कळदा भांडण वर्गासाठी असायला हवं.

दुसरा मुद्दा टप्प्यांचा. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६ पासून एक सवलत आली. तिला फौजी लोक 'राउंडिंग ऑफ' म्हणतात. अपंगत्व ५० टक्क्यांच्या आत असेल तर ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे असेल तर १००. सुरुवातीला ही सवलत फक्त वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्यांनाच होती. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही. तोच गुडघा, तोच सुरुंग, पण एकाला ५० आणि दुसऱ्याला ३०. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार खटल्यात दूर केला. निवृत्त झालेल्यांनाही टप्प्यांचा लाभ मिळू लागला. निवृत्ताच्या बाबतीत मात्र २० टक्क्यांची खालची मर्यादा राहिली. २० च्या आत असेल तर अपंगत्वाचा भागही नाही आणि टप्पाही नाही, हे न्यायालयाने २०१९ साली पुन्हा स्पष्ट केलं.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते आपल्या ४०,००० च्या उदाहरणात पाहा. १९ टक्के असेल तर शून्य रुपये. २० टक्के असेल तर टप्प्याने ५० धरून ६,००० रुपये. एका टक्क्याची किंमत महिन्याला सहा हजार, आणि तीही जन्मभर! उलट ३० चे ४० करून घेण्यासाठी कुणी दोन वर्षं हेलपाटे घातले तर हाती एक पैसाही जास्त येत नाही, कारण ३० असो की ४०, दोन्ही ५० च्याच टप्प्यात. मात्र ४५ चे ५० झाले तर टप्पा ७५ चा लागतो. म्हणून टक्का वाढवून मागण्याआधी आपण कोणत्या टप्प्याच्या काठावर उभे आहोत ते पाहावं.

माझ्यासारखा कविता करणारा माणूस या आकडेमोडीत कसा पडला, असं कुणी विचारेल. आमच्याकडे बी.ए. झालेल्या माणसाला गाव अर्ज लिहायला लावतं. कविता वाचणारे चार, अर्ज लिहून घेणारे चाळीस. आमच्या तालुक्यातले एक फौजीभाऊ असेच कागद घेऊन आले. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेवर जे सुरुंग पेरले होते, ते पुढे काढताना त्यांच्या पायाला इजा झाली. नोकरीत राहिले, मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. पेन्शनच्या हुकमावर, म्हणजे पीपीओवर, ३० टक्के. म्हणाले, "भाई, पाय आता जास्त त्रास देतोय. तीसचे चाळीस करा म्हणून अर्ज लिहा."

आम्ही दोघांनी ओसरीवर कागद पसरले. चाळीस मागून काही मिळणार नव्हतं. पण ५० चा टप्पा त्यांना लागलेलाच नव्हता, आणि २०१४ च्या निकालानंतर तो त्यांचा हक्क होता. त्याखालचा कागद पाहिला तर इजेच्या अहवालात सुरुंगाचा स्फोट असं लिहूनही वर्ग मात्र कामावरच्या अपघाताचा टाकला होता. सीमाभागात सुरुंगपट्टा काढताना झालेला स्फोट २००१ च्या आदेशाप्रमाणे 'ई' वर्गात येतो. दोन अर्ज लिहिले. टप्प्याचा अर्ज मंजूर झाला. वर्गाचं प्रकरण न्यायाधिकरणापुढे आहे. पण मला आठवतं ते त्यांचं बोलणं. अर्जावर सही करताना ते थांबले आणि म्हणाले, "गावात लोक म्हणतील, देशासाठी लढला आणि आता पैशासाठी भांडतोय."

या बोलण्याविषयी शेवटी सांगतो. आधी वाट सांगतो, कारण वाट माहीत नसल्यानेच जास्त लोक घरी बसतात.

सगळ्यात आधी कागद गोळा करावेत. पीपीओ, मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल, इजेचा अहवाल, चौकशी झाली असेल तर तिचे कागद, इस्पितळातून सुटतानाची चिठ्ठी. बोर्डाचा अहवाल घरी नसेल तर तो आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्राला उत्तर आलं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. आता पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीतून चालतो, तिथेही आपली नोंद तपासावी.

दावा फेटाळला गेला असेल तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांच्या आत दुसरं अपील. ही दोन्ही खात्याकडेच करायची असतात. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते निर्माण झालं आणि २००९ पासून त्याचं काम सुरू झालं. आपल्या भागासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. खात्याने सहा महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तरीही तिथे जाता येतं.

दुखणं पुढे वाढलं असेल तर वाट वेगळी. कायमच्या अपंगत्वाचा टक्का २००१ च्या नियमांनुसार जन्मभरासाठी धरला जातो. सरकार आपणहून तो पुन्हा तपासत नाही. पण सैनिकाने स्वतः मागणी केली तर फेरतपासणीचं बोर्ड बसतं. इथे सावधपणा हवा. त्या बोर्डाचा निर्णय अखेरचा असतो, आणि तो आपल्या मनासारखाच येईल असं नाही. म्हणून ताजे तपासणी अहवाल, जमल्यास लष्करी इस्पितळातले, हाताशी असल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

आणखी एक गैरसमज. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं, आणि फौजेच्या बोर्डाचा टक्का वेगळा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांच्या पुढे अनेक सवलती आहेत, त्यासाठी ते प्रमाणपत्र जरूर काढावं. पण सिव्हिल सर्जनने ६० लिहिलं म्हणून पीपीओवरचे ३० आपोआप बदलत नाहीत.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. काही नावं बदलली, आजारांचे निकष बदलले. त्या तारखेनंतर फौज सोडलेल्यांनी नवे नियम पाहावेत. आधी बाहेर पडलेल्यांचा हिशेब जुन्या नियमांनी होतो. गावात एकाचा निकाल पाहून दुसऱ्याने तोच अर्ज उतरवून काढू नये, तो याचसाठी.

दिसणाऱ्या जखमेचं निदान बोलता तरी येतं. न दिसणारीचं काय? तोफखान्यात वर्षं काढलेल्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो आणि त्याला बहिरा म्हणून मोकळे होतो. रात्री दचकून उठणाऱ्याला घरचे लोक गंडा-ताईत बांधायला नेतात. फौजेत प्रकृतीचा दर्जा पाच अक्षरांत लिहितात, 'शेप'. त्यातलं पहिलंच अक्षर मनासाठी आहे आणि दुसरं कानासाठी. म्हणजे फौजेला हे माहीत आहे, आपल्यालाच माहीत नाही. अशा दुखण्यांत खातं पुष्कळदा म्हणतं की याचा नोकरीशी संबंध नाही. इथे धरमवीर सिंग यांचा खटला कामाला येतो. १९८५ ला भरती, नऊ वर्षं नोकरी, मग फेफऱ्याचे झटके, २० टक्के अपंगत्व, आणि पेन्शन नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता, तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर तो नोकरीत उद्भवला असं धरावं. नाही म्हणायचं असेल तर ते खात्याने सिद्ध करावं. सिद्ध करण्याचं ओझं जवानाच्या खांद्यावरून उतरवणारा हा निकाल होता.

अशा प्रकरणांत सरकार आपल्याच जखमी सैनिकांविरुद्ध वरच्या कोर्टात जात राहिलं. २०१५ साली संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिनेही अपंगत्व पेन्शनच्या खटल्यांकडे बोट दाखवलं. तरी वाद संपलेले नाहीत. आणि उशिराचा फटका बसतो तो सैनिकालाच. तरसेम सिंग हे १९८३ साली फौजेतून बाहेर पडले, पण न्यायालयात गेले १९९९ ला. पेन्शनचा हक्क टिकला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांपुरती ठेवली. थकबाकीवर पुढेही वाद झाले. तरी कागद आजच काढावा, हा धडा कायम आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना'ही सुरू केली आहे.

आता फौजीभाऊंच्या त्या वाक्याकडे येतो. लोक काय म्हणतील? आपल्या मराठीत जखम हा शब्द फारसीतून आला आणि हक्क अरबीतून. अरबीत 'हक' म्हणजे अधिकार, आणि 'हक' म्हणजे सत्यही. दोन्हीला एकच शब्द. मला हे फार नेमकं वाटतं. सुरुंगाने जखमी झालेल्या माणसाच्या कागदावर साधा अपघात लिहिला असेल, तर तो माणूस पैसे मागण्याआधी एक गोष्ट मागत असतो. जे घडलं ते खरं लिहा, एवढीच. खैरात वेगळी, हक्क वेगळा. खैरात देणाऱ्याच्या मनावर असते. हक्क हे आधीच ठरलेलं देणं असतं, आणि ठरलेलं देणं मागण्यात कमीपणा कसला?

टक्का म्हणजे माणसाची किंमत, असंही कुणी समजू नये. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. सरकारने त्यांना पद्मश्री दिली २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. काय गेलं ते बोर्ड लिहितं. काय उरलं ते माणूस स्वतः दाखवतो. पण म्हणून जे गेलं ते कमी लिहावं, असं होत नाही. प्रत्येक जखमी सैनिकाने पेटकर व्हावं अशी अपेक्षा करणं म्हणजे त्याच्यावर दुसरं ओझं टाकणं आहे.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी माजी सैनिक असेल, तर आज रविवार आहे, त्यांचा पीपीओ पेटीतून काढायला सांगा. तीन गोष्टी पाहा. टक्का किती आहे, टप्पा लागला आहे का, आणि वर्ग कोणता लिहिला आहे. त्यांना वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. चूक दिसली तर अर्ज लिहून द्या. त्याला कवी असावं लागत नाही.